सदतीस सह्यांचं उत्तर

पुस्तक कुरियरनं आलं तेव्हा घरात मोनाली एकटीच होती. पुढं त्या पुस्तकाचं जे काही झालं, त्यात तिच्या एकटीच्या वाट्याला तो पहिला आठवडाच काय तो आला.

हायवेवर, कुम्हारीच्याही पलीकडे झालेल्या एका खाजगी विद्यापीठात तिनं बीएला नाव घातलं होतं. त्या विद्यापीठाची एक रीत होती. नव्या मुलांना वर्ग सुरू व्हायच्या आधी, सुट्टीतच, एक पुस्तक घरी पाठवायचं. सगळ्यांना तेच. सगळ्यांनी ते वाचायचं आणि एकतीस जुलैपर्यंत फोनवरच्या फॉर्ममध्ये पाचशे शब्दांचं उत्तर भरायचं. प्रश्न एकच: हे पुस्तक वाचून तुम्हाला काय वाटलं? ज्यांची उत्तरं सरस ठरतील अशा चोवीस जणांचा वेगळा वर्ग निघणार होता, एका टेबलाभोवती बसून वाचायचा आणि बोलायचा. बाकी दोनशे पोरं मोठ्या हॉलमध्ये बसून माईकवरून येईल ते वहीत उतरवणार.

मोनालीला त्या चोवीसांत जायचं होतं. अगदी जीव टाकून जायचं होतं. नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये तिची दोन वर्षं चार पर्यायांपैकी एक गोल काळा करण्यात गेली होती, आणि गोल काळा करणाऱ्याला तुझं मत काय, असं कोणी विचारत नाही. घरात तर विचारायची वेळच येत नसे. धाकट्यांच्या वतीनं थोरले बोलून मोकळे होत. पाहुण्यांनी 'काय शिकतेस बाई?' म्हटलं की आई उत्तर देई, 'काय बनाचं आहे?' म्हटलं की बाबा. त्यामुळं 'तुम्हाला काय वाटलं' ही ओळ तिनं चारदा वाचली आणि मगच पुस्तक उघडलं.

पुस्तक इंग्रजीत होतं, परदेशातल्या कुण्या बाईनं लिहिलेलं. तिच्या गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला, त्यानंतर गावाचं काय झालं त्याची हकिकत. मोनालीनं ते कूलरसमोर पडून पाच दिवसांत संपवलं. समासात पेन्सिलीनं खुणा केल्या. एका पानावर ती रडलीसुद्धा. कारखाना बंद झाल्यावरही एक माणूस रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतो, बायकोही रोज डबा भरून देते, आणि दोघं त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्या पानावर तिनं काही लिहिलं नाही, नुसता कोपरा दुमडला.

मग रात्रीच्या जेवणाला तिनं हे घरात सांगितलं. तिथंच चुकलं.

तिचे बाबा, धम्मपाल रामटेके, कुम्हारीच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. मरोद्यातून, हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याशेजारच्या आपल्या मराठी वस्तीतून, रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन करायचे. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि पुस्तकासोबतच्या पत्राची हिंदी बाजू दोनदा वाचली.

"सगळ्याईनं एकच पुस्तक वाचाचं," ते म्हणाले, "आन मंग त्याच्यावर बोलाचं. अवो चंपा, हे तं आपलं वर्षावासाचंच झालं!"

"मंग!" आई म्हणाली. "आन हे पोट्टी एकटीच खोलीत वाचून राहिली. चाळीस लोकं असून शोभते काय?"

आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने मरोद्याच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी सात ते आठ ग्रंथवाचन चालायचं. वंदना झाली की एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि जे कळलं नाही ते तिथल्या तिथं विचारायचं. सगळ्या रूढी मोडून बाहेर पडलेली ही माणसं, पण या रूढीला कोणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे. विहाराचे सचिव प्रेमानंदकाका. त्यांचा जन्म युनियनमध्ये गेलेला, त्यामुळं सूचक-अनुमोदक असल्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली चहाही उतरत नसे. त्यांनी रीतसर ठराव मांडला की यंदा पहिले वीस दिवस मोनालीचं पुस्तक घ्यावं आणि मग नेहमीचा ग्रंथ. टाळ्या वाजल्या. वाचक कोण, हा प्रश्नच नव्हता. इंग्रजी वाचून मराठीत सांगणारी तीच एक होती.

पहिल्या दिवशी मोनालीला बरंही वाटलं, नाकारण्यात काय अर्थ आहे. पांढरी साडी नेसलेल्या बायका आपल्याकडे तोंड करून बसल्या आहेत आणि आपण समोर खुर्चीवर, याची ऐट अठराव्या वर्षी कोणाला येणार नाही? पण ती ऐट दुसऱ्या पानापर्यंत टिकली.

दुसऱ्या पानावर लेखिकेनं लिहिलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी कारखाना बंद झाला आणि शनिवारी सकाळी भट्ट्या गार पडल्या होत्या.

"थांब," जानराव आबाजी म्हणाले. त्यांची तीस वर्षं कोक ओव्हनवर, कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्यांवर, गेली होती. "भट्टी का गॅसची शेगडी आहे? बटन बंद केलं का थंडी? हप्तेच्या हप्ते लागते बाप्पा! आन कोक ओव्हन एकदा थंडी झाली का विटा तडकते, मंग पुन्हा पेटतच नाही थे. हे बाई कारखान्यात गेलीच नसन कधी."

"आबाजी, ते तसं लिहिलं आहे फक्त, मतलब, ऐसे ही..."

"लिवलं तं लिवलं. खोटं कावून लिवाचं?"

त्या दिवशी पान पुढं सरकलं नाही. ब्लास्ट फर्नेसवाले एकीकडे, कोक ओव्हनवाले एकीकडे, आणि आठ वाजता 'साधु, साधु, साधु' म्हणून सभा उठली.

रोज तेच. एक परिच्छेद वाचला की पाच जण बोलत आणि त्यातले चार एकदमच. मोनालीला जे सांगायचं असे ते 'म्हणजे मला असं वाटते की' इथंच तुटे, कारण तिला वाटायच्या आधी दुसऱ्या कोणाला काहीतरी वाटलेलं असे. अकरा दिवसांत एकोणचाळीस पानं झाली. बाराव्या दिवशी दुमडलेल्या कोपऱ्याचं पान आलं. तिनं ते जपून, आवाज न कापू देता वाचलं. डोळे वर केले तर जानराव आबाजी हसत होते.

"मीबी जात होतो नं," ते म्हणाले. "रिटायर झालो, तरी तीन महिने. डबा घेऊन सायकल स्टँडवर बसाचो. बुढीले वाटे, मी ओळखीच्या लोकाईले भेटाले जातो."

"तिले सगळं मालूम होतं," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळा विहार हसला. आबाजीही हसले. मग हसता हसता त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. पण मोनालीनं ते पाहिलं नाही. ती पुस्तक मिटून बसली होती. तिला इतका संताप आला होता की कानाच्या पाळ्या तापल्या. या पुस्तकातलं एवढंच एक पान तिचं होतं, आणि तेही आता सार्वजनिक झालं होतं.

हेही एक वेळ तिनं गिळलं असतं. पण सत्तावीस तारखेला प्रेमानंदकाकांनी वाचन थांबवून जाहीर केलं की उत्तराची मुदत जवळ आली असल्यानं मसुदा समिती नेमण्यात येत आहे.

"कसलं उत्तर?" मोनालीनं विचारलं.

"युनिव्हर्सिटीले द्याचं नं? सगळ्याईनं वाचलं, तं सगळ्याईचं उत्तर. मी मसुदा बनवतो, तुहे बाबा आहेत समितीत. एकतीस तारखेले दुपारपर्यंत सह्या घेऊन टाकू."

"काकाजी, ते उत्तर मले लिहायचं आहे. मेरा फॉर्म है."

"फॉर्म तुहाच राहीन," काका समजुतीनं म्हणाले. "मजबुती आमची."

ती तडक घरी आली. दारात चपला काढल्या आणि फुटली.

"बाबा, मी एकटी लिहणार आहे. त्यांनी मला विचारलं आहे, विहाराले नाही!"

"तुले समजत नाही," धम्मपाल म्हणाले. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत, आणि मोनालीला त्याचाच जास्त राग येई. ओरडणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. "एकट्याचा अर्ज टोपलीत जाते. चाळीस सह्या असल्या का सायबाले फाईल हलवाच लागते. मी जिंदगीभर हेच पाहून राहिलो."

"हा अर्ज नाही आहे! ते विचारून राहिले, मले काय वाटलं."

"हो. तेच." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मी पयल्या कंपनीत होतो तवा मलेबी विचारलं होतं. तू नव्हती झाली तवा. एकट्याले आत बोलावलं, खुर्ची देल्ली, पाणी देल्लं. म्हणे, रामटेके, तुमचं म्हणणं काय? मले वाटलं, साहेब किती चांगला, आपलं म्हणणं विचारते. मी सगळं सांगतलं. आठ दिवसांनी गेटवरच थांबवलं मले. दुसरे लोकं एकत्र गेले होते, त्याईले कायी झालं नाही."

मोनालीला ही हकिकत ठाऊक नव्हती. पण राग हा उतारावरच्या ट्रकसारखा असतो, मध्येच थांबवता येत नाही.

"ती कंपनी होती, हे कॉलेज आहे," ती म्हणाली. "तुमाले सगळीकडे तेच दिसते!"

"दोन्हीबी पाठवून दे नं मंग," आई कणीक मळता मळता म्हणाली.

"एकच जाते आई, एकच! फॉर्म एकदाच भरता येते!"

धम्मपाल अंगणात जाऊन मोटारसायकल पुसत बसले. ती सकाळीच पुसलेली होती.

तीस तारखेला मोनाली लिहायला बसली आणि खरी पंचाईत तिथं झाली. भट्टीबद्दल लिहावं तर ते जानराव आबाजींचं, बायकांबद्दल लिहावं तर ते विहारातल्या बायकांनीच बोलून झालेलं. पाच दिवसांत एकटीनं वाचताना जे वाटलं होतं ते आठवायला जावं, तर मध्ये सदतीस माणसं उभी. तिनं तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. रडू आलं, पुस्तक भिंतीवर मारावंसं वाटलं. शेवटी तिनं पुस्तकाबद्दल लिहायचा नाद सोडला आणि जे खरं होतं तेच लिहून काढलं. मी हे पुस्तक एकदा एकटीनं वाचलं आणि एकदा सगळ्यांबरोबर. पहिल्या वेळी मला खूप काही वाटलं. दुसऱ्या वेळी फक्त राग आला, कारण माझं वाक्य कोणी पुरं होऊ देत नव्हतं. या पुस्तकातल्या गावात कारखाना बंद पडल्यावर माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. आमच्या गल्लीत माणसं बोलायची थांबतच नाहीत, आणि यातलं कोणतं वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चारशे सत्तर शब्द भरले. एकतीस तारखेला सकाळी अकरा वाजता तिनं बटण दाबलं आणि कामावर गेलेल्या बाबांना मेसेज केला: माझं उत्तर पाठवलं.

त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. संध्याकाळी ती विहारात गेली नाही. धम्मपाल गेले, आले, जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी ते कामावर नेहमीपेक्षा तासभर लवकर निघाले. त्यांना कोणी कारण विचारलं नाही.

चार तारखेला विद्यापीठातून फोन आला. वाचनवर्गाच्या सरांनी भेटायला बोलावलं होतं, आणि यादी अजून लागायची होती. मोनालीला आनंदानं घाम फुटला. बाबांनी अर्धी रजा टाकली.

"मी येतो. एकटी नको जाऊ."

"बाबा, इंटरव्ह्यू आहे. बाप के साथ कोण जाते?"

"मी गेटवर थांबीन," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.

सरांची खोली लहान होती. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढं केला पण मोनालीनं त्याला हात लावला नाही. सर तरुण होते, हिंदीत बोलत होते आणि चांगले होते. त्यांनी तिच्यासमोर दोन कागद ठेवले. एक तिच्या फॉर्मची प्रत. दुसरा विहाराच्या लेटरहेडवर, प्रेमानंदकाकांच्या वळणदार हिंदीत लिहिलेला, खाली सदतीस सह्यांच्या दोन रांगा. कोपऱ्यात विद्यापीठाचा आवक शिक्का होता, एक ऑगस्ट.

"आपके पिताजी खुद देकर गए थे," सर म्हणाले. "काउंटरवर तासभर थांबले. शिक्का मारून द्या म्हणाले, म्हणजे हरवणार नाही."

मोनालीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तासभर! मिलच्या कपड्यांत, त्या चकचकीत काउंटरसमोर!

सर पुढं सांगत होते. तुमचं उत्तर प्रामाणिक आहे, पण पुस्तकाबद्दल त्यात फार थोडं आहे, ते चोवीसांत बसत नाही. हे दुसरं मात्र आम्ही सगळ्या शिक्षकांनी वाचलं. सव्वादोनशे उत्तरांत भट्टीची चूक कोणी पकडली नव्हती. आणि हे बघा, असं म्हणून त्यांनी एक ओळ मोठ्यानं वाचली. "जिस दिन आदमी को अकेले बुलाकर पूछते हैं कि तुम्हारा क्या कहना है, उस दिन उसके लिए कारखाना बंद हो चुका होता है।" ओळ कोणाची हे मोनालीला सांगावं लागलं नाही.

"नियम असा आहे की उत्तर विद्यार्थ्याचं हवं," सर म्हणाले. "पण इथं पाहा. सह्यांच्या सगळ्यात वर तुमचं नाव लिहिलेलं आहे, सही नाही. तुम्ही सही केलीत तर हे तुमचंही उत्तर होतं. एक दिवस उशीर झाला आहे, तरी मी ते ग्राह्य धरीन. एक जागा आहे."

त्यांनी पेन पुढं केलं.

खरंच वर तिचं नाव होतं, मोनाली धम्मपाल रामटेके, आणि पुढं बोटभर मोकळी जागा. खाली जानराव आबाजींची थरथरती सही, बायकांच्या साक्षरता वर्गात शिकलेल्या गोल सह्या, आईची सही आणि बाबांची. मोनालीनं पेन घेतलं. तिला ती जागा हवी होती. अजूनही तितकीच हवी होती. तिनं कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि आपलं एक तरी वाक्य शोधलं. एक असतं तरी तिनं सही केली असती.

"सर, हे खूप चांगलं आहे," ती म्हणाली. "पण यातलं मी काहीच नाही बोलले. हे त्यांचं आहे."

"विचार करून सांगा."

"केला सर." आणि तिनं पेन टेबलावर ठेवलं.

गेटवर धम्मपाल मोटारसायकलला टेकून उभे होते. ती येताना दिसताच ते ताठ झाले.

"काय विचारलं?"

"तुमी कावून आले होते इथं? मले न सांगता!" ती जवळजवळ किंचाळली. वॉचमननं वळून पाहिलं. "तासभर उभे राहिले म्हणे!"

"काय विचारलं पण?"

"विचारलं, तुमचं म्हणणं काय. मी सांगितलं. जागा गेली."

धम्मपालांचा चेहरा एकदम उतरला. एवढे दिवस ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं, आणि नेमके तेव्हाच ते गेटच्या या बाजूला होते. मोनालीला कळेना की रागवावं कोणावर. सरांवर रागवता येत नव्हतं, बाबांवर रागवून झालं होतं.

"तुमचा कागद सगळ्यात चांगला होता," ती शेवटी म्हणाली. "सर मले म्हणे, त्याच्यावर सही करा, जागा देतो. मी नाही केली. माह्यं एकबी वाक्य नव्हतं त्याच्यात. तुमचं होतं. एकट्याले बोलावतात ते. सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं."

"माह्यं?"

"हो."

धम्मपालांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मोनाली मागं बसली. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती, सिमेंटचे, सळ्यांचे.

मग धम्मपालांनी मान थोडी मागं वळवली.

"आन तुह्या कागदात काय होतं?"

"काय?"

"तुले काय वाटलं होतं थे पुस्तक वाचून? मले तं तू सांगतलंच नाही."

मोनालीला म्हणायचं होतं की तुम्ही विचारलंत कधी? पण ती म्हणाली, "घरी सांगते."

"आताच सांग. घरी तुही आई बोलन मधात. जोरात बोल, हेल्मेटात ऐकू नाही येऊन राहिलं."

तेव्हा ती त्यांच्या खांद्याला धरून, ट्रकांच्या हॉर्नवर ओरडून, दुमडलेल्या कोपऱ्याच्या पानापासून सांगू लागली. कुम्हारी गेलं, चरोदा गेलं, तरी ती सांगतच होती. बाबांनी मधे एकदाही तोडलं नाही. तोडणार तरी कसे, त्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं, आणि पुन्हा सांग म्हणायला ते घाबरत होते.